फौजदारी निकालपत्र कसे वाचावे

गोव्यातील एखाद्या खटल्याचा निकाल लागला की वर्तमानपत्रात शिक्षेची वर्षे तेवढी ठळक छापली जातात आणि ती कमी की जास्त यावर वाद रंगतो. परंतु आरोपीच्या मनाविषयी न्यायालयाने काय ठरवले हे वाचल्याविना त्या वादाला अर्थ नाही. म्हणून मूळ निकालपत्रच मिळवून वाचावे.

प्रथम घटनेची तारीख पाहावी, निकालाची नव्हे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली. त्यापूर्वीच्या कृत्यास जुनी भारतीय दंड संहिताच लागते, कारण कृत्याच्या वेळच्या कायद्यात होती त्याहून अधिक शिक्षा देण्यास संविधानाचा अनुच्छेद २० मनाई करतो. (विवाहाच्या बाबतीत १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता पाहण्याची आपल्याला सवय असली, तरी येथे तिचा संबंध येत नाही.)

पुढचा भाग, म्हणजे आरोपीच्या हेतूविषयीचा, सावकाश वाचावा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणी दुसऱ्याची छत्री आपलीच समजून उचलली, तर अप्रामाणिक हेतूच्या अभावी ती चोरी ठरत नाही. पर्वरीच्या महामार्गावर पादचारी गाडीखाली सापडून दगावला आणि चालकाचा केवळ बेदरकारपणा सिद्ध झाला, तर नव्या संहितेच्या कलम १०६(१) खाली कमाल पाच वर्षांचा कारावास होतो. मात्र जीव घेण्याच्या इराद्याने त्याने गाडी अंगावर घातली असेल, तर तो खून होय आणि कलम १०३ खाली जन्मठेपेहून कमी शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाला उरत नाही. हा हेतू वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. स्वसंरक्षणासारखा अपवाद आरोपीला दाखवावा लागतो, पण त्यासाठी पुराव्याची कसोटी तेवढी कडक नसते.

दोष सिद्ध झाल्यावर सत्र न्यायालय शिक्षेवर दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकते. तेथील कारणे वाचताना न्यायाधीशांचा भर कृत्याच्या परतफेडीवर आहे, इतरांना जरब बसवण्यावर आहे, समाजाला धोक्यापासून दूर ठेवण्यावर आहे की आरोपीच्या सुधारणेवर, हे शोधावे. बहुधा मिश्रणच आढळेल. ‘जरब’ एवढा एकच शब्द लिहून मोठी शिक्षा दिलेली असेल, तर ते कारण मला अपुरे वाटते, कारण शिक्षेच्या लांबीपेक्षा पकडले जाण्याची खात्री अधिक परिणाम करते. फाशीच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून गुन्ह्याइतकाच गुन्हेगाराचाही विचार करून प्रकरण ‘विरळातील विरळ’, म्हणजे फाशीच द्यावी असे अपवादात्मक, आहे काय हे ठरवावे लागते. उलट टोकाला, पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर नव्या संहितेने सामुदायिक सेवा सांगितली आहे.

शेवटी आदेशाचा परिच्छेद पाहावा: अनेक शिक्षा एकाच वेळी भोगायच्या की एकामागून एक, खटल्याआधीच्या कोठडीचे दिवस वजा केले आहेत काय, आणि दंडातून पीडिताला भरपाई दिली आहे काय.