शुगर टेस्टला जाताय ना, मग एवढी तयारी ठेवा

आदल्या रात्री नेहमीचंच जेवा. उद्या टेस्ट म्हणून आज नुसती काकडी खायची, ही चलाखी कुणाच्याच कामाची नाही. फास्टिंग म्हणजे निदान आठ तास पाण्याशिवाय काही नाही, चहा बिनसाखरेचा असला तरी नाही, आणि "दोन घोटांनी काय होतंय" म्हणणारे काका प्रत्येक घरात असतातच, त्यांना सकाळी दुसऱ्या खोलीत ठेवा. पाणी मात्र भरपूर प्या, शीर पटकन सापडते.

खरी परीक्षा पोदेराची, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याची. उपाशीपोटी त्याचा भोंपू ऐकला की भलेभले डळमळतात, तेव्हा पाव घ्यायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. रक्त देऊन झालं की भाजी-पाव खायचाच आहे, पीपीसाठी, म्हणजे खाल्ल्यानंतरच्या टेस्टसाठी. घड्याळ पहिल्या घासाला लावा, दोन तास तिथून मोजायचे, मधे बन नको, भजी नको, आणि आकडा उतरवायला मिरामारच्या किनाऱ्यावर पळत सुटायचं पण नाही. आधीच गोळ्या चालू असतील तर सकाळची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरना विचारा, शेजारच्या वहिनींना नको.

घरी मशीनवर बघणार असाल तर हात साबणाने धुऊन कोरडे करा, नाहीतर मानकुराद खाल्लेल्या बोटाला टोचाल आणि आंब्याची शुगर स्वतःची समजून रडत बसाल. टोचायचं बोटाच्या कडेला, तिथे कमी दुखतं.

आकडे आधीच माहीत असू द्या. फास्टिंग १०० ते १२५ म्हणजे तुम्ही पत्रादेवीच्या नाक्यावर, गोव्याच्या हद्दीवर उभे, १२६ला पलीकडे, डायबेटीसमध्ये. पण त्रास काहीच नसेल तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, टेस्ट परत करतात. एचबीएवनसीला उपाशी राहायची गरज नाही, तिथे ६.५ला डायबेटीस, आणि त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर येते, म्हणजे चवथीच्या नेवऱ्या, लाडू सगळं आलं, आठवडाभर कारल्याचा रस ढोसून ते पुसलं जात नाही हो!

आणखी एक, उत्तर तयार ठेवा. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या अभ्यासात गोवा डायबेटीसमध्ये देशात पहिला होता, २६.४ टक्के लोकांना, त्यामुळे लॅबमध्ये ओळखीचं माणूस भेटणारच. "मी हिला घेऊन आलोय" हे आता कुणी मानत नाही, विशेषतः ही सोबत नसेल तर. फ्रीजमध्ये गोड दोदोल असेल तर रिपोर्ट यायच्या आधीच कुणाच्या वाट्याला किती ते ठरवून घ्या, नंतर घरात तुमचं मत विचारणार नाहीत.