फौजदारी खटल्यात शिक्षा झाली, तर वरच्या कोर्टात अपील कसे करावे?

निकाल लागला की घरचे लोक बाहेर जाऊन फोनाफोनी करू लागतात. त्याआधी, त्याच कोर्टात एक काम उरकून घ्या. खटल्यात आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर अपील करता यावे म्हणून तेच कोर्ट शिक्षा थांबवून जामीन देऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (फौजदारी खटले कसे चालवायचे हे ठरवणाऱ्या कायद्याचे) कलम 430 हे सांगते. अर्ज तयार ठेवा, जामीनदार हजर ठेवा, दंड भरण्यापुरते पैसे जवळ ठेवा.

मग नक्कल. शिक्षा झालेल्याला निकालपत्राची एक प्रत लगेच, विनामूल्य मिळते. साक्षीपुराव्याच्या नकलांसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तोही लगोलग टाका, पुढची सगळी भिस्त त्यांच्यावरच आहे.

मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली असेल तर अपील सेशन्स कोर्टात, 30 दिवसांत. सेशन्स कोर्टाने दिली असेल तर हायकोर्टात, 60 दिवसांत. फाशी असेल तर 30 दिवसांतच. निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळतात. तरीही उशीर झालाच, तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, पण प्रत्येक दिवसाचे पटेल असे कारण हवे. मुंबई हायकोर्टाचे काम मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यातही चालते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी 18 ऑगस्ट 2025पासून कोल्हापूरला सर्किट बेंच, म्हणजे हायकोर्टाचे फिरते खंडपीठ, आहे.

खरी मेहनत अपिलाच्या मुद्द्यांवर. अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून चालवणे नव्हे. नवा पुरावा क्वचितच घेतला जातो. वरचे कोर्ट खालच्या कोर्टात नोंदले गेलेलेच तपासते. म्हणून ‘साक्षीदार खोटे बोलले’ एवढ्याने काही होत नाही. फिर्यादीत काठी होती आणि साक्षीत कोयता आला, डॉक्टरांच्या मते जखम तशी नव्हती, जप्तीचा पंच फितूर झाला, फिर्याद द्यायला चार दिवस का लागले याचा खुलासा नाही: असे मुद्दे कागद आणि पान दाखवून मांडा. गुन्हा कबूल केल्यावर शिक्षा झाली असेल, तर सहसा फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यावरच भांडता येते.

नुसते अपील दाखल केल्याने शिक्षा थांबत नाही. अपिलासोबत शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज द्यावाच लागतो. हायकोर्टातली अपिले वर्षानुवर्षे पडून राहतात, त्यामुळे माझ्या मते हा अर्ज अपिलाइतकाच जपून लिहावा. नोकरी किंवा निवडून आलेले पद पणाला लागले असेल, तर दोषसिद्धीलाच, म्हणजे दोषी ठरवण्यालाच, स्थगिती मागावी लागते; ती दुर्मीळ. राहुल गांधींची शिक्षा एप्रिल 2023मध्ये सुरतच्या सेशन्स कोर्टाने थांबवली, पण खासदारकी परत मिळाली ती ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने दोषसिद्धी स्थगित केल्यावरच.

‘अपील केले तर शिक्षा वाढेल’ ही भीती बऱ्याच जणांना असते. तुमच्या अपिलात ती वाढवता येत नाही. सरकारने शिक्षा वाढवण्यासाठी वेगळे अपील केले तर गोष्ट निराळी.

चेक बाउन्सच्या प्रकरणात मात्र खिसा तपासा. अपील कोर्ट दंड किंवा भरपाईच्या किमान 20 टक्के रक्कम भरायला सांगू शकते.

माणूस तुरुंगात असेल आणि वकिलाला द्यायला पैसे नसतील, तर अपील तुरुंग अधीक्षकांकडे द्यावे. ते कोर्टात पाठवणे त्यांचे काम. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा कोर्टाच्या आवारात त्यांचे कार्यालय असते.