काम थोडं, थकवा फार: मी काय बदललं

ऑफिसात फारसं काम नसलेल्या दिवशीही संध्याकाळी डोकं जड व्हायचं. झोप नीट, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. शेवटी मनात घोळणारं सगळं कागदावर उतरवलं: मिक्सरचं भांडं दुरुस्तीला, बँकेत नॉमिनीचं नाव, मावशीला फोन, सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगचं उत्तर. एकही काम मोठं नव्हतं. दमवत होतं ते त्यांचं सारखं आठवणं.

अर्धवट कामं जास्त लक्षात राहतात, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडलं होतं. २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या प्रयोगांत पुढचं दिसलं: काम न करता नुसतं ते कधी-कसं करायचं हे नेमकं ठरवलं, तरी त्याची डोक्यातली लुडबुड कमी होते. म्हणून यादीत नुसतं ‘बँक’ न लिहिता ‘गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत नॉमिनीचा फॉर्म आणणे’ असं लिहायला लागले. फरक पडला.

मिक्सरचं भांडं सरळ भंगारात दिलं. ग्रुप म्यूट केला, रात्री एकदाच बघते. पार्किंगचा वाद माझ्याशिवायही तितक्याच जोमात चालू आहे. मावशीचा फोन मात्र कुठल्याच वेळेत मावत नाही, तो पोळ्या लाटताना स्पीकरवर.