बिनव्याजी हातउसने कसे द्यावेत

जून लागला की आमच्या शहाद्याकडे कापसाच्या बियाण्यासाठी माणसं दारात येतात. देताना आधी परिस्थिती विचारा. गरिबाकडून व्याज घ्यायचंच नाही. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकातलं वचन 22:25 स्पष्ट आहे. परक्याकडून घ्यायची मुभा बायबलचंच अनुवाद हे पुस्तक (23:20) देतं, मी ती वापरत नाही.

तारण घ्यायला उसने घेणाऱ्याच्या घरात शिरू नका, बाहेर उभे राहा, तो स्वतः आणून देईल (अनुवाद 24:10-11). दळायचं जातं मात्र तारण म्हणून घेऊच नका, असं त्याच अध्यायात आहे. मी एकदा एका बाईची शिलाई मशीन ठेवून घेतली. सुई माझ्या ओसरीत गंजली, तिकडे तिची चूल थंडावली. मशीन मीच उचलून परत नेली, तिची माफी मागितली.

रक्कम वहीत लिहा. मुदत कापूस विकल्यानंतरची ठेवा.