कोकणच्या उन्हाळ्यात पुढून बंद चामडी सँडल घेताय? या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात राजापूरला मामेबहिणीचं लग्न होतं. दोन वर्षं खोक्यात जपून ठेवलेली सँडल मी खास त्यासाठी बाहेर काढली. वरचं चामडं नव्यासारखं होतं, पण पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, उतरताना डाव्या पायाचा सोल तुकड्यातुकड्याने गळायला लागला. दुपारी उचलून पाहिलं तर बोटाने दाबताच त्याचा भुगा पडत होता.

दोष वापराचा नव्हता. हलके, मऊ पीयूचे (पॉलीयुरेथेन या प्लॅस्टिकचे) सोल हवेतलं बाष्प शोषतात आणि आतून विरत जातात, अगदी न घालता ठेवले तरी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्येही हवा दमट असते, त्यामुळे हे लवकर होतं. दुकानदाराला सोल कशाचा आहे ते स्पष्ट विचारा. थोडा जड वाटला तरी रबराचा घ्या, आणि नुसता चिकटवलेला नको, शिवलेला बघा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत चिकटवलेला सोल सुटायला वेळ लागत नाही.

दुसरी चूक मापाची. सकाळी दुकानात पाय हलका असतो, संध्याकाळपर्यंत सुजतो. म्हणून खरेदी संध्याकाळी करा. आणि सपाट फरशीवर दोन पावलं टाकून समाधान मानू नका, दुकानाच्या पायऱ्या उतरून बघा. उतारावर पाय पुढे सरकतो. बोटं पुढे टेकत असतील तर जांभ्याच्या पाखाडीवर आठ दिवसांत नख काळं पडेल. पुढून बंद सँडल आपल्याला हवी ती याच दगडासाठी, उघड्या चपलेत अंगठा ठेचकाळतो म्हणून. पण तीच पुढे आखूड असेल तर ठेच परवडली.

चामडं ओळखायचं तर कापलेली कड बघा. खऱ्या चामड्याला तंतू दिसतात, रेक्झिनखाली कापड दिसतं. बक्कलला छोटं चुंबक लावा. चिकटलं तर ते बहुधा लोखंडी. खाऱ्या वाऱ्यात ते गंजतं आणि चामड्यावर काळा डाग सोडतं, जो पुढे निघत नाही.

रंगाचं म्हणाल तर टॅन किंवा तपकिरी घ्या. लाल माती त्यात मिसळून जाते. पांढरट सँडल महिन्याभरात गुलाबी झाक धरते, काळ्यावर मिठाच्या रेषा उठून दिसतात. मोजे घालू नका. पँट घोट्याच्या वर संपू दे. घोट्याखाली गोळा झालेलं कापड आणि पट्ट्यांची सँडल एकत्र फार जड दिसतात. सुती साडीवर ही सँडल छानच दिसते, फक्त बक्कल बाहेरच्या बाजूला आणि त्याची कड घासून गुळगुळीत केलेली हवी, नाहीतर काठाचे धागे ओढले जातात. देवळांना जायचं असेल तर बक्कलच्या मागे इलॅस्टिक असलेली घ्या, म्हणजे दर वेळी वाकावं लागत नाही.

वाळूत चालून आलात की सँडल उलटी करून आपटा. बंद टोकात साचलेली वाळू आतलं अस्तर सँडपेपरसारखी घासते. समुद्राचं पाणी लागलं तर आधी साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने मीठ पुसा, मग आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पडवीत सावलीला वाळवा. अंगणातल्या उन्हात ठेवली तर चामडं आखडतं, चिरा पडतात. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल चोळू नका. चामडं काळवंडतं, चिकट होतं, धूळ धरतं. चामड्याचं क्रीम बोटाच्या टोकाएवढं पुरतं.

मृग लागायच्या आत हे सगळं करून सँडल उघड्या मांडणीवर ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच नको, आणि आठवड्यातून एकदा हातात घेऊन पट्ट्यांच्या खालच्या बाजूला बुरशी आली आहे का ते बघा. बुरशी सुरू होते तिथूनच.