मृगात जाई लावायची? आधी पाणी कुठं साचतं ते बघा

मृगाचे दोन पाऊस झाले की कोल्हापूर भागातल्या नर्सरीत जाई-जुईच्या पिशव्या उचलायला गर्दी होते. त्यातल्या पुष्कळ वेली श्रावण बघतात, दसरा बघत नाहीत. मग रोपच वाईट होतं, असं म्हणून माणूस मोकळा होतो. उपटून मुळं बघितली तर काळी पडलेली, बोटांनी साल निघून येणारी असतात. पंचगंगेच्या काळ्या मातीत जाई पाण्यावाचून क्वचित मरते. तिचा जीव जातो तो साचलेल्या पाण्यानं.

म्हणून जिल्ह्यात सगळ्यांना लावणीची एकच वेळ सांगता येत नाही. शिरोळकडे वर्षाचा पाऊस 500-600 मिलिमीटर, गगनबावड्यात 5,000 च्या वर. शिरोळ, हातकणंगले, कागलचा पूर्व भाग इथं मृगाच्या शेवटी किंवा आर्द्रात, वाफसा बघून, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली की खुशाल लावा. कोल्हापूर शहर आणि करवीरच्या गावांत जुलैतला तरणा-म्हातारा (पुनर्वसू-पुष्याचा) पाऊस सुरू व्हायच्या आधी रोपानं मूळ धरलं पाहिजे. जूनमध्ये जमलं नाही तर सरळ ऑगस्टच्या अखेरीपर्यंत थांबा. राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा या पट्ट्यात तर गणपती झाल्यावरच लावा. तोवर रोप पिशवीतच, पडवीत ठेवलेलं बरं.

रोप घेताना नावावर विसंबू नका, पान बघा. जाईचं पान पिसासारखं, एका देठावर जोडी-जोडीनं सात-नऊ लहान पानं. कळीवर बाहेरून गुलाबी छटा असते. जुईला एक मोठं पान आणि त्याच्या बुडाशी दोन अगदी बारकी पानं, काही वेळा तीही नसतात. फूल लहान, पांढरंशुभ्र. दोन्ही आपल्या हवेत बारा महिने हिरव्या राहतात. जुई उन्हाळ्यातच फुलायला लागते, जाईचा जोर पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत. मधुमालती ही तिसरीच. पांढरी उमलून गुलाबी, मग लाल होणारी. फाटकावर कमान करायला आणि रात्रीच्या वासाला उत्तम, पण तिचा पसारा मोठा आणि बुंध्याजवळून धुमारे फुटत राहतात. दहा बाय दहाच्या परसात ती लावू नये, असं माझं मत आहे.

आता जागा. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवं. सावलीत वेल वाढते, फुलत नाही. भिंतीला चिकटून लावू नका, दीड-दोन फूट सोडा, आणि पागोळ्या पडतात त्या रेषेत तर मुळीच नको. कौलांचं किंवा पत्र्याचं सगळं पाणी तिथंच मुरतं.

खड्ड्याची परीक्षा सोपी आहे. दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा काढा, दोन बादल्या पाणी ओता, सकाळी बघा. पाणी जिरलं असेल तर शेणखत आणि खणून काढलेली माती मिसळून भरा. तळाशी पाणी दिसलं तर त्या खड्ड्यात मुरूम, वाळू, खत असलं काहीही भरून उपयोग नाही. भोवतीची चिकण माती तशीच राहते आणि मधला भुसभुशीत खड्डा हौदासारखा पाणी धरून बसतो. अशा ठिकाणी खड्डा बुजवा आणि जमिनीवरच तीन-चार फूट रुंद, दीड फूट उंच मातीचा उंचवटा करा. निम्मी तांबडी माती, उरलेल्यात काळी माती आणि कुजलेलं शेणखत. रोप त्याच्या माथ्यावर. क्षारपड रानात हाच उपाय, नाहीतर तळाला भोकं पाडलेला मोठा ड्रम. मिठाची माती जाईला सोसत नाही.

साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, स्वस्त मिळते म्हणून ओली, कच्ची मळी बुंध्याशी ओतू नका. ती कुजताना तापते. चार-सहा महिने ढिगात कुजलेली असेल तर चालेल, तीही शेणखतात मिसळून. पाचटाचं आच्छादन उन्हाळ्यात फार कामाचं, चार बोटं जाड, बुंध्यापासून वीतभर लांब. पावसाळ्यात मात्र बाजूला ओढा.

जाईला काकडीसारखे ताणे नसतात, ती आपोआप चढत नाही. जून-जुलैत पश्चिमेचा वारा कोवळ्या फांद्या मोडतो, म्हणून लावणीच्या दिवशीच बांबू रोवा आणि सुतळीनं सैल बांधा. पहिल्या वर्षी तीन-चार जोमदार फांद्या ठेवून बाकी काढल्या तर मांडव लवकर भरतो.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक धोका आहे, आणि तो कोणी फारसा बोलत नाही. उसात रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी हे तणनाशक मारतात. वाऱ्यावर आलेला त्याचा फवारा जाईवर पडला की शेंडे पिळवटतात, पानं आखडून दोरीसारखी होतात. लोक त्याला रोग समजून वर आणखी औषध मारतात. शेजारच्या रानात फवारणी असेल तर वारा पडल्यावर, सकाळी करायला सांगा. आणि तणनाशकाचा पंप कितीही धुतला तरी वेलीसाठी वापरू नका. वेगळा हातपंप ठेवा.

पानं पिवळी पडली तर आधी कोणती ते बघा. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता आहे, चुनखडीच्या काळ्या जमिनीत ती नेहमीची. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट, महिन्यातून एकदा, पानं हिरवी होईपर्यंत फवारा. माती ओली असूनही वेल मलूल आणि खालची पानं पिवळी होऊन गळत असतील तर मुळाशी कूज आहे. आधी चर काढून पाणी बाहेर काढा, मग लिटरला 2.5 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी करा, म्हणजे ते पाणी मुळाशी ओता. पाणी न काढता नुसती आळवणी म्हणजे पैसे मातीत. कळ्या जांभळट होऊन आत भोक दिसलं तर ती कळी पोखरणारी अळी. अशा कळ्या रोज वेचून नष्ट करा, 5 टक्के निंबोळी अर्क मारा. घरच्या वेलीवर त्याहून जहाल काही मारू नये. फुलं देवाला जातात, केसांत माळली जातात, लेकरं हुंगतात.

छाटणीला लोकांचा हात धजत नाही, आणि तिथंच फुलं कमी होतात. जाईला कळी नव्या फुटीवर येते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून संक्रांतीपर्यंत पाणी थोडं तोडा आणि छाटा. रानातली झाडं जमिनीपासून दीड फुटावर कापतात. मांडवावरच्या वेलीला एवढं करायची गरज नाही: वाळलेलं, गुंतलेलं काढा, बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणा आणि दर वर्षी एखादी जुनी खोडफांदी बुडातून काढा. जुईची छाटणी जानेवारीच्या अखेरीस. छाटल्यावर आळ्यात घमेलंभर शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड.

फुलं विकायचा विचार असेल तर रानाआधी घरातले हात मोजा. पूर्ण वाढलेली, न उमललेली कळी दिवस उगवायच्या आत खुडावी लागते आणि लगेच बाजारात पोचवावी लागते. श्रावणात आणि अंबाबाईच्या नवरात्रात दर चांगला मिळतो, पण मजूर मिळाला नाही तर माल वेलीवरच उमलून जातो. दोन माणसांच्या घरानं दोन गुंठ्यांच्या पुढं जाऊ नये.

पूररेषेच्या आसपासच्या गावांनी, म्हणजे 2019 आणि 2021 चं पाणी ज्यांच्या अंगणात आलं त्यांनी, आत्ताच दाब कलम करून ठेवावं. जमिनीलगतची फांदी वाकवा, एका डोळ्याखाली थोडी साल काढा, तो भाग कुंडीतल्या मातीत दाबून वर दगड ठेवा. तीन-चार महिन्यांत मुळं धरतात, मग आईपासून कापा. यंदाच्या पुरासाठी ते कलम तयार नसेल. त्यासाठी नर्सरीतून एक जादा पिशवी आणा आणि माडीवर ठेवा.