पूर येण्याआधीचा हिशेब: सीमाभागातून एचटीएकडे येणाऱ्यांसाठी

निपाणी, चिकोडी, खानापूरकडची मुलं-मुली बीएएमएस, नर्सिंग किंवा फार्मसी करून एमपीएचला (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर अभ्यासाला) येतात आणि विचारतात, "ताई, एचटीएमध्ये, म्हणजे आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनात, नेमकं करायचं काय?" एखादं औषध, लस, उपकरण किंवा तपासणी घेतली तर किती जीव वाचतील, खर्च किती येईल आणि तोच पैसा दुसरीकडे लावला असता तर काय झालं असतं, हे पुराव्यानिशी मांडायचं. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने 2017 मध्ये 'एचटीएइन' हा एचटीएसाठीचा राष्ट्रीय उपक्रम सुरू केल्यापासून या कामाला देशात रीतसर जागा मिळाली.

मी आपत्ती नियोजनाकडे वळले ती कोविडमुळे. कोविडवरची औषधं रुग्णांवर तपासणाऱ्या ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने जून 2020 मध्येच दाखवलं होतं की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रेमडेसिविर न वापरण्याची सशर्त शिफारस केली. तरीही 2021 च्या दुसऱ्या लाटेत नातेवाईक उसनवारी करून रेमडेसिविरच शोधत फिरत होते. पुरावा होता, पण तो वेळेत निर्णयापर्यंत पोचला नाही. संकट दारात उभं असताना सावकाश अभ्यासाला सवड नसते. म्हणून तो आधीच करून ठेवायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. ऑगस्ट 2019 सारखा पूर आला की कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेकाठच्या गावांचा संपर्क तुटतो, कल्लोळ-येडूर पुलासारखे पूल पाण्याखाली जातात. बिळांत पाणी शिरतं, साप घरांकडे येतात. सर्पदंशावरचं इंजेक्शन द्रव आणि पावडर अशा दोन रूपांत मिळतं. द्रवाला 2 ते 8 अंशांची थंडी लागते, पावडर फ्रिजविना टिकते. मग पुराच्या पट्ट्यातल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) काय ठेवायचं? नुसती कुपीची किंमत बघून उत्तर मिळत नाही. वीज गेल्यावर वाया जाणाऱ्या कुप्या, जनरेटरचं डिझेल, बोटीचा खर्च, पावडर विरघळवायचं निर्जंतुक पाणी आणि त्यात जाणारा वेळ, रिॲक्शन आली तर हाताशी लागणारं ॲड्रेनालिन, नर्सचं प्रशिक्षण, हे सगळं धरावं लागतं. शिवाय तिसरा पर्यायही तपासावा: साठा न वाढवता रुग्णालाच वेळेत अलीकडच्या काठावर आणण्याची सोय. याला साधा निर्णयवृक्ष, म्हणजे प्रत्येक पर्यायाच्या शक्यता, खर्च आणि परिणाम फांद्यांसारखे मांडणारी आकृती, पुरतो. गाव किती दिवस तुटलेलं राहील हा आकडा मात्र कमी-जास्त करून बघाच, कारण बहुतेक वेळा निकाल त्यावरच फिरतो. आणि जिल्ह्याची सरासरी काढून थांबू नका. सरासरीत शहरात साठा ठेवणं स्वस्त दिसेल, पण पाण्याने वेढलेल्या वाडीला त्याचा उपयोग नाही.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे, ती पुस्तकात सापडत नाही. निपाणीकडचा रुग्ण बऱ्याचदा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जातो. तो बरा झाला की दगावला, याची नोंद तिकडे राहते. कर्नाटकाने 2024 मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली तरी एकाच राज्याचे आकडे घेतलेत तर हिशेब अपुरा राहील. शिवाय सीमा बंद होऊ शकते. 2021 मध्ये कोविडच्या काळात राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा निगेटिव्ह दाखला मागत होते. कोल्हापूरचा रस्ता खुला आणि कोल्हापूरचा रस्ता बंद, अशा दोन स्थिती मांडून दोन्हींचा खर्च काढा.

अभ्यासाचं म्हणाल तर एक्सेलवर हात बसवा, मग 'आर' (R) ही आकडेमोडीची संगणकभाषा शिका. पुरावा शोधणं आणि त्याची प्रत जोखणं हिशेबाच्या मॉडेलपेक्षा महत्त्वाचं आहे. कन्नड वाचायला शिकाच, पीएचसीची रजिस्टरं त्यातच असतात. स्टोअर सांभाळणारे फार्मासिस्ट आणि आशाताई यांच्याशी बोला. कोणती वस्तू केव्हा संपते, मागणी केल्यावर किती दिवसांनी येते, हे त्यांना तोंडपाठ असतं.

प्रबंधाला विषय हवा असेल तर खानापूरच्या जंगलपट्ट्याकडे बघा. शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरीत माकडताप (गोचिडांमुळे पसरणारा क्यासानूर फॉरेस्ट रोग) येऊन गेला आहे, त्यावरची जुनी लस आता वापरात नाही. गोचिडांपासून बचावाचं डेपा तेल वाटायचं, तपासणी जवळ आणायची, की काजूच्या हंगामात बागांत जाणाऱ्या मजुरांवर भर द्यायचा? हा हिशेब हंगामाआधी मांडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवता येण्याजोगा आहे.